त्रेचाळीस पायऱ्या

नदीवर पूल बांधण्याची बुद्धी माणसाला झाली, ही गोष्ट समजण्यासारखी आहे. कारण नदी ही माणसाच्या आधीची, तिची वाट तिने स्वतः निवडलेली, आणि तिच्यापुढे दरख्वास्त गुदरून काही निष्पन्न होत नाही, हे आमच्या वाडवडिलांना कुकडी आणि मीना या दोन नद्यांच्या शेजाराने पुरते कळून चुकले होते. परंतु जो रस्ता आपणच मागितला, ज्याच्या रुंदीकरणासाठी आपणच रास्ता रोको केले, ज्याच्या मोबदल्याच्या वाटपावरून सख्ख्या भावांनी एकमेकांची तोंडे पाहणे सोडले आणि ज्याच्या शुभारंभाचे पेढेही आपणच खाल्ले, तो रस्ता ओलांडण्याकरिता आता नदीवर बांधावा तसा पूल बांधण्याची वेळ यावी, हा प्रकार स्वतःच्या माजघरातून स्वयंपाकघरात जाण्यासाठी माळ्याला शिडी लावण्यासारखा आहे.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात पुणे-नाशिक महामार्गावर वसलेले आहे. त्याचे नाव मी सांगत नाही. कारण नारायणगावापासून आळेफाट्यापर्यंत आणि अलीकडे आंबेगाव तालुक्यात मंचरपर्यंत या रस्त्याच्या कडेस जी जी गावे आहेत, त्यांपैकी प्रत्येकाला हे वर्णन आपलेच वाटेल, आणि एकाचे नाव घेतल्याने उरलेल्यांचा विनाकारण अपमान होईल. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ५० होता, तो आता ६० झाला. क्रमांक दहाने वाढला, रुंदी दुपटीहून वाढली, वाहनांचा वेग किती वाढला याची मोजदाद ठेवण्याइतका वेळ कोणी रस्त्यात उभा राहू शकला नाही. ओलांडणाऱ्याचे पाय मात्र पूर्वी होते तेवढेच, म्हणजे दोनच, राहिले.

गावाची रचना अशी, की कोणतेही काम ज्या बाजूस सुरू होते त्या बाजूस संपत नाही. शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचे देऊळ आणि जुने गावठाण पश्चिमेस, एस. टी.चा थांबा, दूध संकलन केंद्र, औषधांचे दुकान आणि निम्म्या गावाचा ऊस पूर्वेस. त्यामुळे दूध पूर्वेकडे जाते, मुले पश्चिमेकडे जातात, आणि ज्याला काहीच काम नाही असा माणूस चहासाठी दिवसातून चार वेळा दोन्हीकडे जातो. नदीला निदान ओसरणे ठाऊक आहे. आषाढात कुकडी दुथडी भरून चालली, तर माणूस काठावर बसून, दगडावर पाण्याची खूण पाहून, उद्या सकाळी उतार मिळेल एवढे सांगू शकत असे. रस्त्याचा पूर असा अंदाज देत नाही. उन्हाळ्यात नारायणगावच्या बाजाराला टोमॅटोच्या क्रेटांनी लादलेल्या गाड्या, हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या, यात्रांच्या दिवसांत तंबू आणि कळक लादून निघालेले तमाशाच्या फडांचे ट्रक, आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी माळशेजचे धबधबे पाहण्यास निघालेली पुण्याची मंडळी, असा हा बारमाही पूर आहे.

तेव्हा पूल हवा, हा ठराव ग्रामसभेत अर्ध्या मिनिटात आणि एकमताने संमत झाला. गावात एकमताने झालेला दुसरा ठराव कोणता, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. खरी कसोटी त्यानंतर लागली. कारण संबंधित खात्याचे अभियंते नकाशाची गुंडाळी घेऊन आले आणि त्यांनी पूल कसा हवा असे विचारले. हा प्रश्न त्यांनी विचारावयास नको होता. पुढे तेही खाजगीत तसे म्हणाले.

त्यांनी आणलेला आराखडा खात्याचा नमुना आराखडा होता: चार खांब, त्यांवर लोखंडी सांगाडा, वर पत्रा, दोन्ही अंगांना जिना. तो पाहताच माजी सरपंच म्हणाले, “रावसाहेब, हा तर मालगाडीचा डबा टांगून ठेवल्यागत दिसतोय.” आणि उपमा एकदा चिकटली की आराखडा वाचत नाही. शिवाय २०१८ साली आमचा तालुका राज्यातील पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेला. तेव्हापासून येथे नुसती उपयोगी असलेली कोणतीही वस्तू उभारणे अप्रशस्त मानले जाते. पाण्याची टाकी झाली तरी तिच्यावर काहीतरी प्रेक्षणीय असावे लागते. पर्यटकाने गाडीतून पाहिले पाहिजे, आणि पाहून त्याला आपण कोठे आलो हे कळले पाहिजे, हा पुलाचा पहिला हेतू ठरला. त्याच्याखालून गाडीतून न जाता त्याच्यावरून पायी जाणाऱ्याला तो कसा वाटेल, हा विषय ऐनवेळच्या विषयांत घेण्याचे ठरले.

पहिली सूचना अर्थातच किल्ल्याच्या दरवाजाची आली. शिवरायांचे जन्मस्थान डोळ्यांसमोर दिसत असताना आमच्या तालुक्यात दुसरी पहिली सूचना संभवतच नाही. दोन्ही बाजूंस बुरूज, वर चर्या, मध्ये कमान, आणि कमानीवर भगवा. हिला विरोध करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, आणि माझीही नाही. तरीपण मनात आलेला एक विचार येथे नोंदवून ठेवतो, की शिवनेरीला सात दरवाजे आहेत, आणि आमच्या पूर्वजांनी ते इतक्या कुशलतेने रचले त्याचा उद्देश माणसाला सहजासहजी आत येता येऊ नये हा होता. चढ दमछाक करणारा असावा, वळण अवघड असावे, येणाऱ्याने वर पोहोचेपर्यंत दोनदा विचार करावा, हे दुर्गशास्त्राचे तत्त्व. आमच्याकडील पादचारी पूल हे तत्त्व दरवाजाचा आकार न घेताही कसोशीने पाळतात. त्या सातांपैकी एकाचे नाव ‘परवानगीचा दरवाजा’ असे आहे. सरकारी कामाचा नमुना म्हणून तेवढा एक घेतला असता तरी चालले असते.

मग बागायतदार उठले. जुन्नरची काळी द्राक्षे परदेशी जातात, तेव्हा पुलाला द्राक्षाच्या मांडवाचा आकार द्यावा आणि घडांच्या जागी दिवे लोंबकळवावेत, असे त्यांचे म्हणणे. त्यावर टोमॅटोवाल्यांनी, द्राक्ष एका हंगामाचे, टोमॅटो गरिबाचे, असा वर्गीय स्वरूपाचा हरकतीचा मुद्दा काढला. एका विज्ञानप्रेमी तरुणाने खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची आठवण करून दिली: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्या शिवारात उभ्या आहेत, तर पुलावर निदान एक लहानशी तबकडी असू द्या. सूचना रम्य होती. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले आकाशगंगांचे क्षीण स्वर जेथे ऐकू येतात, तेथून चार कोसांवर राहणाऱ्या माणसाला समोरून येणाऱ्या डंपरचा भोंगा ऐकू येऊ नये, एवढाच काय तो विरोधाभास. शेवटी कोणीतरी बिबट्याचा पुतळा सुचवला; तेव्हा मागच्या रांगेतून “जिवंत कमी पडत्यात का?” असा प्रश्न आला आणि ती सूचना कामकाजाच्या वहीत चढण्यापूर्वीच मृत झाली.

पुण्यास शिकत असलेल्या एका चिरंजीवांनी काचेच्या पुलाचा पक्ष मांडला. हा पक्ष आमच्याकडे अगदीच निराधार नाही. माळशेजला दरीवर काचेचा स्कायवॉक व्हावा याची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे, आणि जेथून पलीकडे कोणालाच जावयाचे नाही तेथे चालण्यासाठी काच, आणि जेथून पलीकडे सर्वांनाच जावयाचे आहे तेथे चर्चा, ही वाटणी कालमानाला धरूनच आहे. परंतु आमचे निवृत्त मुख्याध्यापक जगाची खबर बाळगून असतात. त्यांनी व्हेनिसचा दाखला काढला. तेथे कालात्राव्हा नावाच्या जगद्विख्यात स्पॅनिश वास्तुविशारदाने मोठ्या कालव्यावर पादचाऱ्यांसाठी पूल रचला. २००८ साली तो खुला झाला. पायऱ्यांना काच बसवली होती. आणि पावसात त्या काचेवरून प्रवासी असे घसरू लागले, की नगरपालिकेला अखेर काच काढून दगड बसवण्याचा निर्णय घ्यावा लागला. “व्हेनिसात तर निव्वळ पाऊस पडतो,” मुख्याध्यापक म्हणाले, “आपल्याकडे पावसात चिखल, चिखलात शेण, आणि शेणावर ट्रॅक्टरचं ऑइल.” लंडनला २००० साली उघडलेला थेम्सवरील पादचारी पूल डोलू लागल्यामुळे दोन दिवसांत बंद करावा लागला, हाही दाखला त्यांच्याजवळ होता, पण तो देण्याची वेळ आली नाही. चिरंजीव खाली बसले होते.

इतका वेळ अभियंते गप्प होते. आता त्यांनी गुंडाळी पुन्हा उलगडली आणि अत्यंत सौम्य स्वरात सांगितले, की बुरूज करा, घड लावा, परंतु रस्त्याच्या पृष्ठभागापासून पुलाच्या बुडापर्यंत साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावीच लागेल. त्यात खात्याची मर्जी चालत नाही. तुळया आणि फरशी मिळून आणखी मीटरभर धरा. म्हणजे पादचाऱ्याने चढावयाचे साडेसहा मीटर. पंधरा सेंटिमीटरांची एक पायरी या हिशेबाने पायऱ्या झाल्या ४३, आणि वर पाच सेंटिमीटरांचा एक उंबरठा. सभेत प्रथमच शांतता पसरली. चर्या, भगवा, द्राक्षे, तबकडी आणि काच या सर्वांच्या खाली या ४३ पायऱ्या पहिल्यापासून निमूटपणे बसलेल्या होत्या. त्यांच्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

तेव्हा दूध घालणाऱ्या एका आजींनी जे म्हटले, ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. कोणीतरी उत्साहाने म्हणाले होते, की आजी, तुम्ही लेण्याद्रीच्या पावणेतीनशेवर पायऱ्या दर चतुर्थीला चढता, मग या ४३ म्हणजे काय! आजींनी किटली खाली ठेवली. “लेण्याद्रीला चढलं म्हंजे वर गिरिजात्मज भेटतो, बाळा. हितं एवढं चढून वर कोण बसलंय? पुन्हा खालीच उतरायचं, अन् तेबी रस्त्याच्याच कडंला.” स्थापत्यशास्त्रावरील जे काही ग्रंथ माझ्या वाचनात आले, त्यांपैकी एकातही हा विषय इतका स्वच्छ मांडलेला मला आढळला नाही. मुंबईकरांनी २००८ साली वांद्र्याच्या स्थानकापासून कलानगरपर्यंत पहिला स्कायवॉक बांधला आणि पुढे जागोजाग बांधले. त्यांपैकी पुष्कळांवर माणसे कमी आणि सावली अधिक असते, याची कारणमीमांसा विद्वानांनी परोपरीने केली आहे. आजींना विचारले असते तर खर्च वाचला असता.

जिना नको तर उतार करा, असे कोणी म्हणाले. अभियंत्यांनी कागदावर हिशेब मांडला. चाकाच्या खुर्चीला आणि म्हाताऱ्या माणसाला सोसेल असा उतार बारास एक. साडेसहा मीटर चढण्यास ७८ मीटर. मध्ये थांबण्याच्या सपाट जागा धरून नव्वदीच्या घरात. तितकाच पलीकडे उतरण्यास. म्हणजे ३० मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यासाठी माणसाने २१० मीटर चालावयाचे. बरे, लिफ्ट बसवावी, तर तिला थ्री-फेज वीज लागते, आणि ती आमच्या शिवारात एक आठवडा दिवसा व एक आठवडा रात्री असते. म्हणजे पाळीचे वेळापत्रक पाहून रस्ता ओलांडावा लागणार.

तरीही येथवरचा वाद हा केवळ सौंदर्याचा आणि गणिताचा होता. खरा वाद जिन्याचे तोंड कोणाच्या दारात उतरावे यावरून पेटला, आणि पुलाचा आराखडा म्हणजे वस्तुतः काय असते हे मला त्या दिवशी समजले. पुलाचा खांब आपल्या दुकानासमोर असू नये, परंतु जिन्याची शेवटची पायरी मात्र आपल्याच दुकानासमोर असावी, ही रस्त्याच्या दोन्ही कडांच्या प्रत्येक गाळेधारकाची नम्र इच्छा. चहावाल्याने तीस वर्षांची वहिवाट सांगितली. सलूनवाल्याने हद्दीच्या मोजणीची नक्कल काढून आणली. तिच्यावरून असे निष्पन्न झाले की चहावाल्याची तीस वर्षांची वहिवाट सबंधच रस्त्याच्या हद्दीत आहे, आणि सलूनही निम्मे. यानंतर दोघांनीही मोजणीचा विषय पुन्हा काढला नाही. औषध दुकानदाराने माणुसकीच्या भूमिकेवरून असे सुचवले, की ४३ पायऱ्या चढून-उतरून आलेल्या माणसास प्रथम जी गरज पडेल ती आपल्या दुकानात मिळते.

याच सुमारास मेंढ्यांचा प्रश्न उपस्थित झाला. दिवाळीनंतर धनगर कळप घेऊन येतात, आणि दोनशे मेंढ्या, चार घोड्या, तीन कुत्री व घोडीच्या पाठीवर बांधलेले कोंबड्यांचे खुराडे असा तो संसार हा रस्ता ओलांडतो. पादचारी या व्याख्येत मेंढी बसते काय? अभियंते म्हणाले, पादचारी म्हणजे पायी चालणारी व्यक्ती. मुख्याध्यापकांनी व्युत्पत्तीच्या आधारे मेंढीची बाजू घेतली. पायांनी चालणे हाच निकष असेल, तर मेंढी आपल्या दुप्पट पात्र आहे. मुद्दा तहकूब झाला.

भुयारी मार्ग हा दुसरा पर्याय होता, आणि तो कागदावर पुलापेक्षा सरस होता, कारण माणसाला निम्मेच उतरावे-चढावे लागते. पण भुयाराचे पूर्वेकडील तोंड उसात उघडत होते. बाहेरच्या वाचकांना सांगावयास हवे, की आमच्याकडे बिबट्या डोंगरात राहत नाही, तो उसात राहतो. तेथेच त्याची पिलावळ वाढते. आणि विहिरीत पडला किंवा पिंजऱ्यात सापडला तर माणिकडोहच्या निवारा केंद्रात त्याची व्यवस्था होते. गार सावली, मंद प्रकाश, दोन्ही तोंडांना आडोसा, आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी शेळ्या येणार, अशी सोय सरकारी खर्चाने करून दिल्यावर तो प्राणी ती नाकारील हे संभवत नव्हते. पावसाळ्यात भुयारात पाणी साचेल हा आक्षेप मग कोणी घेतलाच नाही.

श्वापदांना पूल आवडतात याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या अरण्यातून जातो. तेथे नऊ ठिकाणी रस्त्याखालून वाटा सोडल्या, सर्वांत लांब ७५० मीटरांची, आणि वाघ त्या वाटांनी ये-जा करतो, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. यातील मर्म मात्र आमच्या सभेत कोणी काढले नाही, ते मी रात्री अंथरुणावर पडल्यावर काढले. वाघासाठी रस्ता उचलला, आणि वाघ जमिनीवरून चालत राहिला. आमच्यासाठी रस्ता जमिनीवर राहिला, आणि उचलण्यात येणार आहोत आम्ही. वाघाला पायऱ्या चढावयास कोणी सांगितले नाही. कदाचित तो प्रस्ताव घेऊन त्याच्याकडे जावयास कोणी अभियंता तयार झाला नसेल.

आमचा तालुका पायी चालणाऱ्यांना इतका नवखा नव्हे. कोकणातून घाटावर येण्यासाठी सातवाहनांच्या काळी नाणेघाट फोडला. माथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून आहे. आणि तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्याच लेण्यात सातवाहन राजकुळाचे पुतळे कोरलेले होते. दोन हजार वर्षांत त्यांची मस्तके, हात, धडे सर्व गेली. उरली आहेत ती पावले. पादचाऱ्याचा असा गौरव जगात अन्यत्र झाल्याचे मला माहीत नाही. त्या काळच्या वाट काढणाऱ्यांनी, बैल आणि माणूस आधीच ज्या बाजूने चढत होते ती बाजू पाहिली आणि तिथेच खडक फोडला. आराखडा आधी पायांनी काढला होता; छिन्नीने तो गिरवला, इतकेच.

असाच एक आराखडा आमच्या गावातही तयार आहे. ग्रामसभांचा चौथा फेरा चालू असताना कोणीतरी, कोण ते पंचनाम्यातही निघाले नाही, शाळेच्या बोळासमोर दुभाजकाचा एक दगड उचलून बाजूला ठेवला. फट दीड हात रुंद आहे. किटली घेतलेला माणूस तिच्यातून जातो, दप्तर घेतलेले मूल जाते, शेळी जाते. नऊवारीचा काठ अडकू नये म्हणून लोखंडाची एक निघालेली सळईही कोणीतरी वाकवून आत घेतली आहे. तिला ना नकाशा, ना इस्टिमेट. संबंधित खात्याने ती दोनदा बुजवली, आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या दिवशी, हुबेहूब त्याच मापाची, पुन्हा अवतरली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पुस्तिकेतही पादचाऱ्याला शक्यतो रस्त्याच्या पातळीवरूनच ओलांडू द्यावे असा कल असल्याचे मुख्याध्यापकांनी अभियंत्यांना दाखवले, आणि त्या फटीपुढे पट्टे ओढून, गतिरोधक घालून एक सिग्नल बसवला तर काय बिघडेल, असे विचारले. अभियंत्यांनी घड्याळाकडे पाहिले. महामार्गाच्या वेगाला बाधा येईल, एवढे बोलून त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. वेग हा या प्रकरणातील एकमेव हितसंबंधी होता, जो एकाही सभेला हजर राहिला नाही आणि ज्याचे म्हणणे प्रत्येक सभेत मान्य झाले.

अखेर किल्ल्याच्या दरवाजाचा आराखडा बहुमताने मंजूर होऊन शिफारशीसह वर गेला आहे. चर्या दगडी नसून फायबरच्या असाव्यात, असा एक फेरफार वरून आला; जिन्याच्या तोंडाची जागा ‘स्थानिक परिस्थितीनुसार’ असा शेरा मारून मोकळी सोडण्यात आली. पायऱ्या ४३ च आहेत.

पूल व्हावयाचा तेव्हा होईल. तोपर्यंत वाचकांपैकी कोणी पुण्याहून नाशिकला किंवा माळशेजला या वाटेने निघाले, आणि डाव्या हाताला मारुतीचा कळस, उजव्या हाताला दुधाच्या किटल्यांची रांग आणि मधल्या दुभाजकात एक दात पडल्यासारखी जागा दिसली, तर कृपा करून गाडी थोडी हळू घ्यावी. सकाळी साडेसहा ते साडेसात ही दुधाची वेळ आहे. आजी डावीकडून येतात.